सोनगट्टीची तिसरी मोरी

सोनगट्टीच्या तळ्याला तीन मोऱ्या आहेत. दोहोंतून शेतांना पाणी सुटतं, तिसरी कायमची बंद. तिच्या हौदावरच्या शिळेवर आता गवत माजलंय. पाहुणे आले की जाणती माणसं त्यांना तिथं नेतात आणि आवाज खाली आणून सांगतात.

बसगोंडा पाटलांच्या काळी म्हणे एका श्रावणात आठ दिवस पाऊस हटला नाही. तिसऱ्या मोरीपाशी बांध पाझरू लागला. तो फुटला असता तर खालची पेठ वाहून गेली असती. सिद्राम भोई हौदात उतरला. तळाच्या भेगेत चिखल-पेंढा ठासायचा, वर येऊन पुन्हा न्यायचा, अशा चार खेपा त्यानं केल्या. पाचव्यांदा तो उतरला, तेवढ्यात आत घरघर झाली आणि बांध हादरला. पाटलांनी शिळा सोडायला सांगितलं. शिळा बसली, पाटलांसह गावच्या अकरा पंचांनी स्वतः पाट्या उचलून वर माती लोटली. बांध टिकला. लोकांनी पाटलांना खांद्यावर घेतलं.

दुपारी सिद्रामची बायको तायव्वा भाकरी घेऊन आली. धनी कुठं आहेत, असं तिनं विचारलं.

पाटील एकेका पंचाकडे बघत गेले. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. पाचव्या खेपेला सिद्राम वर आला की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटलांच्या हातांवरची माती अजून ओली होती.  ते वेड्यासारखे हातांनी माती उकरू लागले. शिळेच्या फटीतून पाणी उसळलं.

तायव्वानं त्यांचं मनगट धरलं.

"उचलू नका. खाली पेठेत लेकरं हाईत."  मग म्हणाली, "अकरा जण हुता. एकानंबी विचारलं न्हाई?"

 त्या दिवसापासून बसगोंडा पाटील पाटीलकीच्या गादीवर बसले नाहीत, असं सांगतात. मरेपर्यंत दर बैठकीत ते दाराशी उभे राहत आणि निर्णयाआधी एकच प्रश्न विचारत.

आजही सोनगट्टीच्या नगरपालिकेत ठराव मताला टाकण्याआधी अध्यक्ष उभे राहतात. "आत कुणी राहिलंय का?" असं विचारतात आणि थांबतात. सभागृहातला एकेक माणूस स्वतःच्या तोंडानं "नाही" म्हणेपर्यंत एकही हात वर होत नाही.