बेडकीची पाच पिल्लं आणि बाळाची अंघोळ

एक होतं डबकं. केवढं? परातीएवढं. कुठे? घराच्या मागे, मोरीच्या तोंडाशी.

डबक्यात राहायची एक बेडकी. तिची पिल्लं पाच. काळी काळी, एवढी एवढी. पाय नाहीत, नुसती शेपटी. शेपटी हलवायची आणि पाण्यात फिरायची. लुचुक लुचुक. लुचुक लुचुक.

पाऊस कधीच संपला होता. ओढा आटला होता. पण त्या घरात नवं बाळ आलं होतं. बाळाची नाळ पडली, बेंबी वाळली आणि रोज अंघोळ सुरू झाली. साबण नाही, काही नाही. नुसतं पाणी. ते मोरीतून खाली यायचं. झुळुझुळु झुळुझुळु. डबकं भरायचं.

एक दिवस पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलं नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही.

आभाळ राखाडी. ऊन नाही. वारा गार गार. माती पाणी पीतच राहिली. घुट घुट घुट. डबकं झालं ताटाएवढं.

पिल्लं एकमेकांना चिकटली.

"आई, पाणी कुठे गेलं?"

"आणते हं," बेडकी म्हणाली. "इथंच थांबा. हलू नका."

बेडकी निघाली. टप्पुक टप्पुक. टप्पुक टप्पुक.

वाटेत होती मोरी. काळी, कोरडी.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"मोरी, मोरी, काय सांगू?
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
मोरी, तू वाहशील का?"

मोरी म्हणाली, "मी नाही जा. बादली पाणी देईल, तर मी वाहीन."

बेडकी निघाली. टप्पुक टप्पुक. टप्पुक टप्पुक.

मोरीच्या कोपऱ्यात होती बादली. काठोकाठ भरलेली. पाणी कसं? बर्फासारखं.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"बादली, बादली, काय सांगू?
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
बादली, तू पाणी देशील का?"

बादली म्हणाली, "मी नाही जा. माझं पाणी गारठलंय. बाळ काकडेल. पातेलं तापेल, तर मी पाणी देईन."

बेडकी निघाली. टप्पुक टप्पुक. टप्पुक टप्पुक.

चुलीवर होतं पातेलं. बुडाशी काळं, आत पाणी गार.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"पातेल्या, पातेल्या, काय सांगू?
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
पातेल्या, तू तापशील का?"

पातेलं म्हणालं, "मी नाही जा. चूल पेटेल, तर मी तापेन."

पातेल्याखालीच चूल. चुलीत राख. राखेत एकही निखारा नाही.

"चुली, चुली, काय सांगू?
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
चुली, तू पेटशील का?"

चूल म्हणाली, "मी नाही जा. ओंडका फुटेल, तर मी पेटेन."

बेडकीनं मागे वळून पाहिलं. मोरीच्या भोकातून डबकं दिसत होतं. आता ते वाटीएवढं. वाटीत पाच ठिपके.

बेडकी निघाली. भरभर. टप्पुक टप्पुक. टप्पुक टप्पुक.

अंगणात होता ओंडका. हा एवढा जाड!

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"ओंडक्या, ओंडक्या, काय सांगू?
चूल पेटेना,
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
ओंडक्या, तू फुटशील का?"

ओंडका म्हणाला, "मी नाही जा. मी का आपला आपण फुटतो? बाबा फोडील, तर मी फुटेन."

ओट्यावर बसला होता बाळाचा बाबा. नाव म्हादू. कुऱ्हाड भिंतीला टेकलेली. हनुवटी गुडघ्यावर टेकलेली. तीन दिवस तो असाच.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"बाबा, बाबा, काय सांगू?
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
बाबा, तू फोडशील का?"

"फोडून काय करू?" बाबा म्हणाला. "पाणी तापवून काय करू? सगुणा बाळाला न्हाऊच घालेना. विचारलं की रडते. मी नाही जा. ती मोरीत बसेल, तर मी फोडीन."

सगुणा म्हणजे बाळाची आई.

बेडकी निघाली. टप्पुक टप्पुक. उंबरा चढली. टप्पुक टप्पुक. आत अंधार. कोपऱ्यात बसली होती आई. मांडीवर बाळ. आईचे डोळे ओले.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"आई, आई, काय सांगू?
बाबा फोडीना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
आई, तू मोरीत बसशील का?"

 आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली,

"राहीमावशी रोज यायची. न्हाऊ घालायची. त्या दिवशी पाणी फार कढत होतं. बाळाची पाठ लाल झाली. बाळ किती रडलं! मी मावशीवर ओरडले. मावशी निघून गेली. मग मी एकटीच बसले. बाळ ओलं, बाळ गुळगुळीत. हातातून सटकायला लागलं. माझे हात थरथर थरथर. आता पाठ बरी आहे गं त्याची. पण मला भीती वाटते."

तिनं डोळे पुसले.

"बाळाला धरायचं कसं, ते मावशीला ठाऊक. मी नाही जा. मावशी येईल, तर मी बसेन."

बेडकी निघाली. आता पाय दुखत होते. टप्पुक... टप्पुक. टप्पुक... टप्पुक.

कुंपणापलीकडे राहीमावशीचं घर. वाडीतली सगळी बाळं मावशीनंच न्हाऊ घातलेली. मावशी दारात बसली होती. सुपात तांदूळ होते. पण ती पाखडत नव्हती. नुसती बसली होती.

"का गं बेडके, कुठे निघालीस?"

"मावशी, मावशी, काय सांगू?
आई बसेना,
बाबा फोडीना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
मावशी, तू येशील का?"

मावशीनं आपले तळहात पाहिले. भांडी घासून, शेण थापून, विळा धरून राठ झालेले हात.

"बघ हे," मावशी म्हणाली. "जाडजूड कातडं. पाणी कढत होतं, यांना कळलंच नाही. बाळाला कळलं. कोणत्या तोंडानं जाऊ? मी नाही जा. बाळ मला बोलावील, तर मी येईन."

बेडकीनं विचार केला.

बाळ तर वीस दिवसांचं. बाळाला बोलता येतं का? नाही. बाळाला हाक मारता येते का? नाही.

आता कुणाकडे जायचं?

बेडकीनं कुंपणातून पाहिलं. डबकं राहिलं होतं पळीभर. पिल्लं एकावर एक. लुचुक लुचुक ऐकू येत नव्हतं.

बेडकी बाळाकडेच निघाली. टप्पुक. थांबली. टप्पुक. थांबली. टप्पुक.

बाळ आईच्या मांडीवर. बेडकी आईच्या पायाशी.

"बाळा, बाळा, काय सांगू?
मावशी येईना,
आई बसेना,
बाबा फोडीना,
ओंडका फुटेना,
चूल पेटेना,
पातेलं तापेना,
बादली देईना,
मोरी वाहेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकून चालली!
बाळा, तू बोलावशील का?"

बाळानं डोळे उघडले. बाळ 'मी नाही जा' म्हणालं नाही. बाळ 'अमुक होईल, तर' म्हणालं नाही. बाळानं मान वळवली. मानेच्या वळीत काहीतरी चिकचिकलं. बाळानं ओठ काढले.

आणि बाळ रडलं.

ट्यँ! ट्यँऽ! ट्यँऽऽ!

कुंपणापलीकडे मावशीनं कान टवकारले.

"हे भुकेचं रडणं नाही," मावशी म्हणाली. "हे पोटदुखीचं नाही. मानेच्या वळीत दूध सुकलंय. तीन दिवस न्हायलं नाही गं लेकरू!"

सूप खाली. पदर खोचला. मावशी उठली. तरातरा तरातरा आली. दारात आली आणि थांबली.

आईनं वर पाहिलं.  बाळ रडतच होतं.

"सगुणा," मावशी म्हणाली, "चुकलं गं माझं."

आई म्हणाली, "मीही फार ओरडले, मावशी. या ना आत."

"येते. पण आज न्हाऊ तू घालायचं. मी शेजारी बसते. धरायचं कसं, ते दाखवते."

मावशी आली, आई मोरीत बसली.

आई बसली, बाबानं कुऱ्हाड उचलली. खाड्! खाड्! खाड्!

बाबानं घाव घातला, ओंडका फुटला.

ओंडका फुटला, चूल पेटली. धडधड धडधड.

चूल पेटली, पातेलं तापलं. बुडबुड बुडबुड.

पातेलं तापलं, पण बादली पाणी देईना!

"अगं दे ना!" बेडकी म्हणाली. "डबकं चमचाभर राहिलं!"

"थांब गं बेडके," मावशी म्हणाली. "बाळाच्या अंघोळीला घाई नाही."

बादलीतलं थोडं गार पाणी काढलं. मग बादलीत पातेल्यातलं कढत पाणी ओतलं. ढवळलं. मावशीनं हात बुडवला नाही. कोपर बुडवलं. कोपराला कढत लगेच कळतं.

"कढत आहे."

गार पाणी घातलं. पुन्हा ढवळलं. पुन्हा कोपर बुडवलं.

"आता कोमट. सगुणा, तूही बघ."

आईनंही कोपर बुडवलं. "हो, कोमट."

बेडकी मोरीच्या भोकापाशी बसून राहिली. डोळे मिटून.

बाबानं दार लावलं. वारा बाहेर राहिला. पंचा जवळ ठेवला. दुपटं जवळ ठेवलं. आईनं पाय पसरले. पायांवर बाळ घेतलं.

"एक हात मानेखाली," मावशी म्हणाली. "असा. तो काढायचा नाही. काही झालं तरी काढायचा नाही. मी आहे पाणी घालायला."

आईनं मानेखाली हात सरकवला. तिथेच ठेवला.

"नाकात तेल घालायचं?" आईनं विचारलं.

"नको. नाकात नको, कानात नको. धुरीही नको. बाळाला ठसका लागतो."

ओल्या फडक्यानं डोळे पुसले. गाल पुसले. मानेची वळी पुसली. चिकचिक गेली. बाळ रडायचं थांबलं. आईकडे बघत राहिलं.

मग तांब्या बुडाला. बादलीनं पाणी दिलं. बारीक धार. पोटावर, पायांवर, पाठीवर.

बादलीनं दिलं, मोरी वाहिली. झुळुझुळु झुळुझुळु.

मोरी वाहिली, थंड दगडावरून पाणी आलं. येता येता गार झालं. डबकं भरू लागलं. आधी पळीभर. मग वाटीएवढं. मग ताटाएवढं.

बेडकीनं उडी मारली. डुबुक!

एक पिल्लू हललं. लुचुक.

दुसरं हललं. लुचुक.

तिसरं. लुचुक.

चौथं. लुचुक.

पाचवं हललं नाही.

पाचवं चिखलात पालथं. बेडकी जवळ गेली. नाकानं ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. हललं नाही.

"ऊठ ना रे," बेडकी म्हणाली. "पाणी आलंय."

बाकीची चार पिल्लं भोवती जमली. 

मोरीतून शेवटचा तांब्या आला. झुळुझुळु. चिखल मऊ झाला. पिल्लू चिखलातून सुटलं. पाण्यावर तरंगलं. तसंच. खूप वेळ तसंच.

मग शेपटीचं टोक हललं. अगदी एवढंसं.

लु... चुक.

 बेडकी त्याच्या शेजारी बसून राहिली.

आत आईनं बाळाला पंच्यात घेतलं. टिपून टिपून पुसलं. मान कोरडी, काखा कोरड्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या. दुपट्यात गुंडाळलं. बाळानं एवढी मोठी जांभई दिली.

"मावशी," आई म्हणाली, "उद्याही मीच घालीन."

"घाल की."

"तुम्ही याल?"

"येईन. नुसती बसायला येईन."

बाहेर आभाळ राखाडीच होतं. ऊन काही पडलं नाही. वारा दारावर आपटत होता. पण डबकं परातीएवढं झालं होतं.

पाच पिल्लं पाण्यात, बाळ उबदार दुपट्यात, आणि ही गोष्ट निजली तुमच्या डोळ्यांत.