टुणीची पानातली खिडकी

टुणी बेडकुली केवढी?
करंगळीच्या नखाएवढी.

आबांच्या ओटीवर कुंडीत एक वेल होती, काठीला धरून चढणारी. दूरच्या रानातली, नवलाची. साऱ्या गावात तशी एकच. पानं सुपाएवढी. त्या वेलीवर टुणी राहायची.
उंचावरची पानं भोक घेऊनच उघडायची. तशाच एका उंच पानाला मधोमध भोक होतं. ती टुणीची खिडकी.
खिडकीतून अंगणातला हौद दिसायचा. हौदाला उंच भिंत. आत टुणीची आई. वरून बघितलं तरच दिसायची.
आईनं सांगून ठेवलं होतं, अंगणात बगळा फिरतो, पाय लांब झाले की मगच ये.
म्हणून टुणी रोज खिडकीत बसायची. आईला बघायची.

एक दिवस ते पान पिवळं झालं. गळलं.
भिर्र… थप्प.
खिडकी गेली. आई दिसेना.
शेंड्याला नवं पान होतं. पण गुंडाळी करून निजलेलं.
"पाना, पाना, उघड ना."
पान म्हणालं, "वेल चढू दे, मग उघडेन."

टुणी गेली वेलीकडे. टुणुक टुणुक.
"वेलताई, वेलताई, चढतेस का?
पान उघडेना, आई दिसेना."
वेल म्हणाली, "माझी मुळं धरणार कशाला? काठी कोरडी. काठी भिजू दे, मग चढेन."

टुणी गेली काठीकडे. टुणुक टुणुक.
"काठीबाई, काठीबाई, भिजतेस का?
वेल चढेना, पान उघडेना, आई दिसेना."
काठीला काथ्या गुंडाळलेला. ती कुरकुरली. "सगळं पाणी कुंडीला. मला कोण विचारतंय? झारी झुकू दे माझ्यावर, मग भिजेन."

टुणी गेली झारीकडे. टुणुक टुणुक.
"झारीमावशी, झारीमावशी, झुकतेस का?
काठी भिजेना, वेल चढेना, पान उघडेना, आई दिसेना."
झारी म्हणाली, "मला हात ना पाय. आबा उठू देत, मग झुकेन."

टुणी गेली आबांकडे. टुणुक टुणुक.
"आबा, आबा, उठता का?
झारी झुकेना, काठी भिजेना, वेल चढेना, पान उघडेना, आई दिसेना."
आबा हळूच बोलले. "मांडीवर मनी निजलीय, बाळा. निजल्या मांजराला उठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मनी हलू दे, मग उठेन."

टुणी गेली मनीकडे. टुणुक टुणुक.
"मनीताई, मनीताई, हलतेस का?
आबा उठेनात, झारी झुकेना, काठी भिजेना, वेल चढेना, पान उघडेना, आई दिसेना."
मनीनं एक डोळा उघडला. "खाल्लंच असतं तुला. पण हलायचं कोणी? मासळीवालीची हाक येऊ दे, मग हलेन."

मासळीवाली गोमाबाय पायरीवर बसली होती. शेजारी टोपली. तोंडातून हाक नाही.
टुणी गेली गोमाबायकडे. टुणुक टुणुक.
"गोमाबाय, गोमाबाय, हाक देतेस का?
मनी हलेना, आबा उठेनात, झारी झुकेना, काठी भिजेना, वेल चढेना, पान उघडेना, आई दिसेना."
गोमाबाय घोगरं बोलली. "घसा बसलाय गो माझा. हाक तूच दे."

टुणीनं कधी हाक दिलीच नव्हती.
तिनं तोंड उघडलं. फुस्स. नुसती हवा.
पुन्हा उघडलं. फुस्स.
मग टुणीला आई आठवली. आईचे गोल डोळे. आईचं गार गार पोट.
टुणीचा गळा फुगला. फुगला, फुगला…
"डराँव!"

आणि हौदातून उलट हाक आली.
"डराँव, माझी बाय."

हाक आली, मनी हलली. धप्प. टोपलीतली एक मांदेली मनीला मिळाली.
मनी हलली, आबा उठले.
आबा उठले, झारी झुकली. झुळझुळ झुळझुळ. आबा म्हणाले, किती गं कोरडी ही काठी, माझ्या ध्यानातच नाही आलं.
झारी झुकली, काठी भिजली.
काठी भिजली, वेल चढली. हळू. अगदी हळू.
टुणी रोज हाक द्यायची. आई रोज उलट हाक द्यायची.
वेल चढली, पान उघडलं. सुर्रर्र.
पानाला मधोमध भोक.

टुणी खिडकीत बसली. खाली बघितलं.
आई हौदात होती. मान वर करून, त्याच पानाकडे बघत.

पान उघडलं, आई दिसली.