कोल्ह्याची हिरवी पाटी

एका जंगलात एक कोल्हा राहायचा. राहायचा म्हणजे भाड्यानं, जुन्या वडाच्या बुडातल्या बिळात. वर घुबड, शेजारी उंदीर. त्याच्याकडं एक खटारा जीप होती. तिच्यात ससे आन कोंबड्या कोंबून तो खिंडीपल्याडच्या बाजाराला न्यायचा. तुम्ही म्हणाल, कोल्ह्याच्या गाडीत कोंबड्या? अरे पोरांनो, धंद्याच्या वेळी तो शाकाहारी असायचा!

पण त्याचं मन जीपवरून उडालं. वाघाकडं विजेची गाडी आली, हिरव्या नंबरपाटीची. मग बिबट्यानं घेतली, मोरानं घेतली. कोल्ह्याला वाटलं, हिरवी पाटी लागली की आपणबी त्यांच्या पंगतीला. कोल्हीण पोटुशी होती. ती म्हणाली, "अहो, माझे दिवस भरत आलेत. जीप असू द्या." कोल्हा म्हणाला, "खुळी का काय? आपली पिल्लं हिरव्या पाटीतनं घरी येतील!" जीप त्यानं साळिंदराला विकली आन विजेची गाडी आणली. ती आवाजच करीना, मग बघणार कोण? म्हणून हा हॉर्न वाजवत दिवसभर तळ्याला चकरा मारत बसला.

संध्याकाळी चार्जिंग संपलं आन गाडी निजली. कोल्ह्यानं वडाला वायर लावली, तशी अख्ख्या वडाची वीज गेली. उंदीर ओरडला, "कोल्हेराव, तुमची गाडी जेवली आन आमचे पंखे उपाशी!" वायर काढावी लागली. मग कोल्हा कशीबशी गाडी घेऊन वाघाच्या बंगल्यावर गेला. छपरावर सोलर, अंगणात भिंतीला चार्जर. वाघ म्हणाला, "लाव की. हिरव्या पाटीवाले आपण सगळे एकच." कोल्हा असा फुगला म्हणता! तेवढ्यात वाघानं इचारलं, "आन तुझी मोठी गाडी कुठाय?"

"मोठी?"

"डिझेलची रे, लांब जायला. ही तर आम्ही वाघिणीच्या भाजीपाल्याला ठेवलीय."

"ती... ती दुरुस्तीला टाकलीय," कोल्हा म्हणाला. लाजेनं त्याला तिथं थांबवेना. गाडीला चार घोट पाजले आन निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हिणीला कळा सुरू झाल्या. दवाखाना खिंडीपल्याड. गाडी निम्मी खिंड चढली आन गप झाली. कोल्हीण कण्हतेय, कोल्हा हॉर्न वाजवतोय. एवढ्यात खडखड करत जुनी जीप आली. साळिंदर म्हणाला, "काय कोल्हेराव, हवा खायला थांबलाय?" मग त्याला कोल्हीण दिसली. "ए सशांनो, सरका! वहिनींना मधली सीट द्या."

कोल्हा म्हणाला, "आन मी कुठं बसू?"

म्हातारी कोंबडी म्हणाली, "लोंबकळा मागं. आमाला लोंबकळवत होता तसं."

कोल्हा गुमान लोंबकळला. जीप वेळेवर पोचली, तीन पिल्लं सुखरूप झाली आन त्याच जीपमधनं घरी आली. पुढं गव्यानं ती नवी गाडी दोरीनं ओढत आणली. कोल्ह्यानं तेवढी हिरवी पाटी मात्र पुसून घेतली होती.

तात्पर्य काय, पोरांनो : वाघाची गाडी बघायच्या आधी वाघाचं अंगण बघावं.