चिमटीची चिंधी आणि लवकरच पाटी

एक होती गल्ली. गल्लीला होता कोपरा.
कोपऱ्यात होती मोकळी जागा. तिच्याभोवती होते पत्रे.
पत्र्यांना होतं फाटक. फाटकावर होती कापडी पाटी.
पाटीवर लिहिलं होतं : दुकानं. खाली लिहिलं होतं : लवकरच.

पाटी लागली तेव्हा गल्ली खूश झाली.
मग ऊन आलं. पाऊस आला. थंडी आली.
दुकानं काही आली नाहीत.

समोरच्या शकूमावशीला दूध आणायला लांब नाक्यावर जावं लागे. ती येताना पाटीकडे बघायची आणि म्हणायची, "लवकरच, लवकरच. आता या पाटीला मिशा फुटतील."

त्या मोकळ्या जागेत एक बीळ होतं.
बिळात राहायची एक उंदरीण. चिमटीएवढी. म्हणून तिचं नाव चिमटी.
चिमटीकडे होती एक लाल चिंधी. ती तिच्या आईची होती.
आई आता नव्हती. चिंधी होती.
चिमटी रोज चिंधीत नाक खुपसायची आणि झोपायची.

एकदा चिमटी दाणे वेचायला गेली.
तेवढ्यात आली लॉरी. घर्र घर्र घर्र.
लॉरीनं ओतल्या विटा. धडाड धूम.
एक वीट घरंगळली. घरंगळत घरंगळत बिळाच्या तोंडावर बसली. धप्प.
लॉरी निघून गेली. फाटक पुन्हा बंद झालं. वीट तिथंच राहिली.

चिमटी परत आली. बघते तर दार बंद.
तिनं वीट ढकलली. वीट हलली नाही.
तिनं बाजूनं उकरलं. जमीन कडक. नखं दुखली.
चिंधी आत. चिमटी बाहेर.
तिला रडू आलं.

आई म्हणायची, "रडू आलं की काहीतरी कुरतडावं. दातांना काम मिळतं, रडू विसरतं."
चिमटीनं एक काडी कुरतडली. कुरुम कुरुम.
रडू थोडं विसरलं. मग ती विटेशी बोलली.

"वीटबाई, वीटबाई, हल ना.
मला माझी चिंधी मिळत नाही."

वीट म्हणाली, "मला कुठं पाय आहेत? गवंडीमामा उचलेल, तर मी हलेन."

चिमटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
गवंडीमामा बसला होता घमेलं पालथं घालून. थापी मांडीवर. हात रिकामे.

"मामा, मामा, वीट उचल ना.
वीट हलत नाही.
मला माझी चिंधी मिळत नाही."

मामा म्हणाला, "सिमेंट कोरडं, वाळू कोरडी. काम नाही, तर विटेला हात कसा लावू, बाळ? टँकर पाणी देईल, तर मी उचलेन."

चिमटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
टँकर उभा होता रस्त्याच्या कडेला. पोट भरलेलं. डबुक डबुक.

"टँकरदादा, टँकरदादा, पाणी दे ना.
मामा उचलत नाही.
वीट हलत नाही.
मला माझी चिंधी मिळत नाही."

टँकर म्हणाला, "फाटक बंद. मी काय पत्र्यावरून उडी मारू? राखणकाका फाटक उघडेल, तर मी पाणी देईन."

चिमटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
राखणकाका बसला होता स्टुलावर. किल्ली होती गळ्यात. काकाच्या घशातून आवाज येत होता. खुर्र खुर्र.
चिमटीनं त्याच्या अंगठ्याला गुदगुल्या केल्या.

"काका, काका, फाटक उघड ना.
टँकर पाणी देत नाही.
मामा उचलत नाही.
वीट हलत नाही.
मला माझी चिंधी मिळत नाही."

काका म्हणाला, "आपल्या मनानं उघडलं, तर शेठ रागावतील. शेठ सांगतील, तर मी उघडेन."
आणि पुन्हा झोपला. खुर्र खुर्र.

चिमटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
पोपटशेठ बसले होते आपल्या कापडाच्या दुकानात. लोडाला टेकून. पाय पसरून.

"शेठ, शेठ, सांगा ना.
काका फाटक उघडत नाही.
टँकर पाणी देत नाही.
मामा उचलत नाही.
वीट हलत नाही.
मला माझी चिंधी मिळत नाही."

शेठ म्हणाले, "अगं, एवढी मोठी पाटी लावली आहे. वाच की. लवकरच म्हणते ना पाटी? मग घाई कसली? पाटी सांगेल, तर मी सांगेन."

चिमटीला वाचता येत नव्हतं. पण पाटी कुठं आहे, ते ठाऊक होतं.
चिमटी निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
आता पाय दमले होते. टुणुक... टुणुक.
चढली फाटकावर. सर सर सर. बसली पाटीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली.

"पाटीताई, पाटीताई, सांग ना.
शेठ सांगत नाहीत.
काका फाटक उघडत नाही.
टँकर पाणी देत नाही.
मामा उचलत नाही.
वीट हलत नाही.
मला माझी चिंधी मिळत नाही."

पाटी वाऱ्यावर हलली. फड फड फड.
पाटी म्हणाली, "दुकानं लवकरच."
चिमटी म्हणाली, "दुकानं नकोत गं. चिंधी हवी."
पाटी म्हणाली, "दुकानं लवकरच. मला तेवढंच येतं."

आता पुढं कुणाकडे जायचं?
पुढं कुणीच नव्हतं.
चिमटीला पुन्हा रडू आलं. या वेळी मोठं.
आई काय म्हणायची? रडू आलं की कुरतडावं.
जवळ काडी नव्हती. जवळ होती पाटी.
चिमटीनं पाटी कुरतडली. कुरुम.
कोपऱ्यातलं पहिलं अक्षर गेलं. कुरुम कुरुम.
त्याच्या शेजारचं अक्षर गेलं. कुरुम कुरुम कुरुम.
रडू विसरलं. दात दमले. डोळे मिटले.
चिमटी तिथंच, फाटकाच्या खाचेत झोपली. चिंधीशिवाय.

सकाळ झाली. शकूमावशी दूध आणायला निघाली.
तिनं सवयीनं पाटीकडे बघितलं आणि थांबली.
मग हसली. हसत हसत शेठना बोलावून घेऊन आली.
म्हणाली, "शेठ, तुमची पाटी काहीतरी म्हणतेय. वाचा बरं मोठ्यानं."

शेठनी चष्मा लावला.
पाटीवर आधी काय होतं? दुकानं लवकरच.
चिमटीनं काय खाल्लं? ल खाल्ला. व खाल्ला.
मग काय उरलं?

शेठनी वाचलं, "दुकानं... करच."
शेठनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"करच."
शेठनी डोकं खाजवलं. म्हणाले, "इतकं सरळ मला कुणी सांगितलंच नव्हतं. करतो बाई, करतो."

मग काय झालं?
पाटीनं सांगितलं शेठना.
शेठनी सांगितलं काकाला.
काकानं फाटक उघडलं. कर्रर्र कट्ट.
टँकरनं पाणी दिलं. घळ घळ घळ.
मामानं सिमेंट कालवलं. थपक थपक.
मामानं वीट उचलली. हुप्प.
वीट हलली.
आणि बिळात?
बिळात होती लाल चिंधी. जशीच्या तशी.

चिमटी धावली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.
चिंधीत नाक खुपसलं. खूप वेळ काढलंच नाही.
मग बाहेर आली आणि एकेकाकडे गेली.

विटेला म्हणाली, "वीटबाई, तुझे उपकार."
वीट म्हणाली, "मी काय केलं? मी नुसती हलले."
चिमटी म्हणाली, "हललीस, तेच फार झालं."

मामाला म्हणाली, "तुझे उपकार." टँकरला म्हणाली. काकाला म्हणाली. काका या वेळी जागा होता. शेठना म्हणाली. शकूमावशीलाही म्हणाली. पाटीवर चढून पाटीलाही म्हणाली.
पाटी म्हणाली, "करच." तिला आता तेवढंच येत होतं.

भिंत उठू लागली. विटेवर वीट, विटेवर वीट.
शेठ बघायला आले. म्हणाले, "मामा, इथं खाली एक वीट राहिली."
मामा म्हणाला, "राहिली नाही, शेठ. ठेवली."
शेठनी वाकून बघितलं. आत दोन डोळे लुकलुकत होते.
शेठ म्हणाले, "बरं. असू दे."

दुकानं झाली. एकात दूध आलं. एकात दोरा आणि बटणं आली. एकात गरम गरम शेव तळू लागली. चर्र चर्र.
शकूमावशीनं पहिल्या दिवशी दूध आणलं, समोरच्या समोर, चपला न घालता. येताना ती भिंतीशी वाकली आणि खाली राहिलेल्या भोकापाशी चार शेंगदाणे ठेवले.

चिमटीनं दोन खाल्ले. दोन ठेवले.
मग चिंधीत शिरली. चिंधीला आईचा वास येत होता.
आता थोडा विटेचाही.

वीट बसली विटेवर,
चिमटी आली वाटेवर,
चिंधी आली हाती,
गोष्टीनं मिटली पाती.