पाटातला गोबरू

त्या मुलखात कंटाळा आणणं हा गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा प्रेक्षक आपल्याच दातांनी देत. न्यायाधीश नव्हता, तुरुंग नव्हता, तारखा पडत नव्हत्या. दर हंगामाला चौकात एक नवं सोंग नाचवलं जाई. सोंग म्हणजे चामडं, लाख, कापूस आणि रंग यांचं घडवलेलं जनावर. घडवणाऱ्याने त्याच्या पाठीत आपल्या अंगचं काहीतरी रोवलं, काटा म्हणा, पीस म्हणा, दात म्हणा, की ते जिवंत होई. आवडलं तर रयत त्याला खांद्यावर घेऊन मिरवी. नाही आवडलं तर तिथल्या तिथे फाडी.

भागू सायाळ ही सोंगं घडवणाऱ्यांत सगळ्यांत जुनी. तिच्या अंगावरचे बरेच काटे सोंगांच्या पाठीत गेलेले, त्यामुळे लांबून ती सायाळ वाटतच नसे. त्या वर्षी राजाने तिला बोलावलं. राजा होता तरस. तो बारा महिने तेरा काळ हसत असे, आणि त्याच्या हसण्याचा आनंदाशी काही संबंध असेलच असं नाही.

"भागूबाई," राजा म्हणाला, "यंदाचं सोंग अख्ख्या घरासाठी हवं. पिल्लं, आया, म्हातारे, सगळे एका ओळीत बसून बघतील असं."

भागूने चार महिने खपून एक अस्वलीण घडवली. पुरात वाहून गेलेलं पिल्लू शोधत ती नदीकाठ उकरते, एवढीच तिची गोष्ट. तिच्या नखांसाठी भागूने स्वतःचे दहा काटे उपटले. अस्वलीण पहिल्यांदा उभी राहिली आणि तिने हवेत पिल्लाचा वास घेतला, तेव्हा भागूला रडू आलं. इतक्या वर्षांत आपल्या हातून एक तरी धड काम झालं, असं तिला वाटलं.

दरबारात कोल्हे बसले होते. एक म्हणाला, नखं कशाला, पिल्लं घाबरतील. दुसरा म्हणाला, पिल्लू हरवायचंच कशाला, आया रडतील. तिसऱ्याला आठवलं की मागच्या हंगामात मोरपिसारा चालला होता, तर तो लावावा. चौथ्याला खांद्यावर एक पादणारं माकड हवं होतं, कारण माकडाशिवाय सोंग बघतो कोण. झालं, एक ना धड भाराभर चिंध्या. अस्वलीण बाजूला राहिली आणि भागूच्याच हातून दुसरं सोंग घडवून घेतलं. गुबगुबीत, चार रंगांचं, खांद्यावर माकड, डोळे एवढे मोठे की चेहऱ्याला जागा उरली नाही. त्याचं नाव ठेवलं गोबरू. भागूने नाइलाजाने त्याच्याही पाठीत एक काटा रोवला, आणि गोबरू डोळे मिचकावून हसला.

राजाने निकाल आधीच सांगून ठेवला. "गोबरू चालला, तर यापुढे गोबरूच होतील आणि तुझी अस्वलीण भट्टीत जाईल. हा मुलूख म्हणजे धर्मशाळा नव्हे, नको ती सोंगं पोसायला. गोबरू पडला, तर पुढच्या हंगामाला चौकात अस्वलीण."

एका लेकराच्या मरणावर दुसऱ्याचं जगणं टांगायची वेळ आईवर येऊ नये. भागूवर ती आली. गोबरू पडावा म्हणून ती मनोमन देव पाण्यात घालून बसली, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

हंगामाच्या दिवशी गोबरू चौकात आला आणि नाचला. माकड पादलं, तेव्हा थोडे हसले. पुन्हा पादलं, तेव्हा ते थोडेही हसले नाहीत. मग एका म्हाताऱ्या बिबट्याने जांभई दिली. ती जांभई या रांगेतून त्या रांगेत गेली आणि चौकाच्या चारी कोपऱ्यांना पोचली. पहिली धडक रानडुकराने दिली. त्याने सुळा घालून गोबरूचं पोट वरपासून खालपर्यंत उघडलं आणि आतून नुसता कापूस आला. रक्त नाही म्हटल्यावर लोक आणखी पिसाळले. फाडायच्या तयारीने आलेल्या दाताला कापूस पुरत नाही. मग ज्याला जो शेजारी सापडला त्याने त्याचा गळा धरला. लांडग्याने हरणाला धरलं, रानडुकराने लांडग्याला तुडवलं, मागचे पुढच्यांच्या अंगावरून धावले. पळता पळता कोणीतरी भागूचा डावा डोळा फोडला. सगळं निवलं तेव्हा चौकात इतके मेलेले होते की झाकायला चटया पुरल्या नाहीत.

भागू लंगडत घरी आली. अस्वलिणीने तिच्या फुटलेल्या डोळ्यावरचं रक्त चाटलं. एवढी माणुसकी मुलखात त्या दिवशी दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती. गोबरूसाठी भागू रडली, पण जीव भांड्यात पडला होता हेही खरंच. "पुढच्या हंगामाला तू," ती अस्वलिणीला म्हणाली.

पण त्या मुलखातलं पाणी पाहिलेलं विसरत नसे. रिवाजाप्रमाणे चौकात नेण्याआधी सोंगाला तळ्याच्या काठावर नाचवत, आणि त्याचं प्रतिबिंब पाण्यात कायमचं राही. तळ्यातून पाट निघे आणि तो घरोघर जाई. प्रत्येक घराच्या तोंडाशी पाटाला एक लाकडी फळी होती. फळी वर केली की पाणी घरातल्या हौदात येई, आणि पाण्याबरोबर नाचतं सोंग. फळी पाडली की दोन्ही बंद. प्रत्येक फळीशी राजाचा एक बगळा उभा असे. प्रहरभर फळी वर राहिली की तो एक खडा टाकी. त्या खड्याचा अर्थ, या घराने सोंग आवडीने पाहिलं. घरात डोकावणं हे बगळ्याचं काम नव्हतं.

आता ज्यांनी चौकात गोबरूची चिरफाड केली होती, त्यांनाही घरी गेल्यावर तहान लागणारच. कोणी जखमा धुवायला फळी वर केली, कोणी स्वयंपाकाला. कोणी पिल्लांना हौदाशी बसवून आत नवराबायकोने निवांत भांडावं म्हणून. गोबरू हौदातून नाचत जाई, माकड पादत जाई, आणि बघायला मान वर करण्याची तसदी कोणी घेत नसे. फळ्या मात्र वर राहिल्या, आणि खडे पडत राहिले.

आठव्या दिवशी मुख्य बगळा दरबारात आला. "सरकार, आजवर एवढे खडे कोणत्याच सोंगाला पडले नाहीत."

राजा हसला. त्याने दुसरा, तिसरा, नववा गोबरू घडवायचा हुकूम सोडला आणि अस्वलिणीला आणायला कोल्हे पाठवले. तिने दोघांचे जबडे उतरवले आणि एकाचं पोट फाडलं, पण ते वीस होते. त्यांनी तिच्या नाकातून दोर ओवला. मधे पडलेल्या भागूला त्यांनी इतकं मारलं की उरलेल्या काट्यांतले निम्मे तिथेच मोडले. तरी ती त्यांच्यामागोमाग खुरडत दरबारात पोचली.

"महाराज, बघत कोणी नाही. फळी वर आहे, एवढंच."

"मग वर का ठेवतात?"

"पाण्यासाठी."

मुख्य बगळ्याला हसू आवरेना. "पाण्याला घटकाभर पुरते, बाई. एका घराने आठ दिवसांत एकदाही फळी पाडलेली नाही. दिवसा नाही, रात्री नाही. त्यांचा ढीग आमच्या बगळ्याच्या मानेपर्यंत आलाय. त्यांनासुद्धा पाणीच लागत होतं?"

भागू म्हणाली, "मग त्याच घरी चला. तिथल्या एकाने जरी म्हटलं की गोबरू आवडला, तर मी माझ्या हाताने अस्वलिणीला भट्टीत लोटते. कोणीच तसं म्हटलं नाही, तर तिला सोडा."

राजाला पैज आवडली. त्या घराचा सत्कार तो करणारच होता. लगोलग झेंडूचा हार आला, ढोल आला, आणि दोराने ओढत अस्वलिणीलाही आणलं, म्हणजे निकाल लागेल तिथेच काम उरकता येईल.

घर लहान होतं. फळी वर होती, बगळा उभा होता, पाणी खळखळत आत जात होतं. भालदाराने तीन हाका मारल्या. आतून ओ आली नाही. शेवटी शेजारच्या दारातून मुंगसीण बाहेर आली. तिचा एक कान फाटलेला होता.

"कुणाला हाका मारताय?" ती म्हणाली. "हे सशांचं घर. अकरा जण होते. चौकात गेले ते गेले. पिल्लांना दिसावं म्हणून पुढे बसले होते. निघायच्या गडबडीत फळी पाडायची राहिली असेल. या मेल्याला मी दोनदा सांगितलं, की बाबा, आत कोणी उरलं नाही. तरी हा खडे टाकतोच आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात."

"घरात डोकावायची मला आज्ञा नाही," बगळा म्हणाला.

भागू आत गेली. हौद केव्हाच भरून वाहिला होता. घरभर गुडघाभर पाणी, त्यावर अकरा छोटी अंथरुणं तरंगत होती, आणि त्या सगळ्या पाण्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत गोबरू नाचत होता. तो संपे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. भागू बाहेर आली, तेव्हा तिचं मन हलकं झालं होतं. तिने अस्वलिणीच्या मानेवर हात ठेवला.

"आत जाऊन बघा, महाराज. या घरात कोणीही नाही."

राजा आत गेला. बराच वेळ तो बाहेर येईना. आला तेव्हा त्याचे चारी पाय ओले होते, आणि जन्मात पहिल्यांदा तो हसत नव्हता.

"आठ दिवस," तो हळू आवाजात म्हणाला. "एक जांभई नाही. एक चावा नाही. एकदाही फळी पाडली नाही. भागूबाई, असं घर मी माझ्या उभ्या हयातीत पाहिलं नाही." त्याने झेंडूचा हार स्वतःच्या हाताने फळीला घातला आणि वाकून नमस्कार केला.

"आणि अस्वलीण?" कोल्ह्यांनी विचारलं.

"हिला बघून लोक रडतील. रडणारे उठतात आणि फळी पाडतात. मारा हिला."

भागू ओरडली, पण कोल्ह्यांना वेळ लागला नाही. दोर ताणून धरला होता, गळा उघडाच होता. अस्वलीण गुडघ्यांवर आली, तिने एकदा वास घेतला, आणि कलंडली. भागूने तिचं डोकं मांडीवर घेतलं. राजाला या दारात आपणच आणलं, हात दाखवून अवलक्षण केलं, हे तिला कळलं होतं आणि सोसवत नव्हतं.

राजा तोवर शेजारच्या घराकडे वळला होता. तिथे मुंगसिणीची पिल्लं हौदाकडे पाठ करून एकमेकांच्या शेपट्या चावत होती, आणि त्यांना जेवायला बसवायचं म्हणून मुंगसीण फळी पाडायला वाकली होती.

"हिचे खडे किती?"

"कमी, सरकार," मुख्य बगळा म्हणाला. "दिवसातून चारदा पाडते."

राजाने सशांच्या घराकडे बोट दाखवलं. "हिचं घरही त्याच्यासारखं करा. मग पलीकडचं. मग त्याच्या पलीकडचं."

भागू उठली आणि होते नव्हते ते काटे फुलवून मुंगसिणीच्या दारात आडवी पडली. कोल्हे तिला तुडवून आत गेले. आतला आवाज फार वेळ टिकला नाही. फळी तेवढी अर्धवट पडली होती. एक कोल्हा परत आला, त्याने ती पूर्ण वर केली, आणि प्रहर भरताच दारातल्या बगळ्याने खडा टाकला.