शिदूतात्यांच्या गल्लीतला खांब

बसा रे, नीट मांडी घालून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. ही गोष्ट तरसवाडीची आहे. आता तिथं औषधालाही तरस नाही, पण तिथल्या माळावर खरोखरचे तरस फिरायचे, त्या काळातली आहे. गावाला तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता आणि कुणाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. संध्याकाळ झाली हे गावाला कळायचं ते एका आवाजानं. "खो!" असा आवाज गल्लीतून उठला की बाया चुली पेटवायला घ्यायच्या आणि गुराखी गुरं घराकडं वळवायचे. तो आवाज तीन गावांच्या शिवेपर्यंत जायचा, असं म्हणतात.

आवाज होता शिदू गुरवाचा, म्हणजे शिदूतात्यांचा. भैरोबाच्या देवळाचे ते गुरव. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली आणि तात्यांनी पुन्हा बाशिंग बांधलं नाही. देवळामागच्या खोलीत ते एकटे राहायचे. कुणी विचारलं, "तात्या, एकट्यानं करमतं कसं हो?" तर म्हणायचे, "एकटा कुठला? नऊ पोरं हायेत की माझी."

ती नऊ पोरं म्हणजे गावाचा खो-खोचा संघ. तरसवाडी पडली डोंगराच्या उतारावर, मैदान आणायचं कुठून? सरळ आणि सपाट अशी एकच जागा होती, देवळापासून वेशीपर्यंतची रुंद गल्ली. तात्यांनी तिच्या दोन टोकांना दोन खांब रोवले, एक देवळासमोर आणि एक वेशीच्या तोंडाशी. मधे चुन्यानं आठ चौकोन आखले. गल्लीत राहणारी पारूकाकी रोज कडाकडा बोटं मोडायची. "मेल्यांनो, माझ्या वाळवणात माती घातली! तात्या, तुमच्या पोरास्नी पळायला अख्खा डोंगर मोकळा हाय की!" तात्या मुकाट्यानं हात जोडायचे आणि सांजेला तिच्या कुरडया स्वतः गोळा करून द्यायचे. मग काय, काकीचा राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निवलेला असायचा.

खेळ तुम्हाला ठाऊक आहेच. आठजण रांगेत बसतात, एक या बाजूला तोंड करून, तर शेजारचा त्या बाजूला. नववा पळत्याचा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही. वळायचंच असेल तर टोकाच्या खांबापर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा आणि मग परत फिरायचं. नाहीतर बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणायचं. थाप बसली की तो उठलाच पाहिजे, मग तो कितीही दमलेला असो.

तात्या तरुण असताना भरजत्रेत एकदा अर्धं पाऊल मागं वळले होते. तेवढ्यावर डाव गेला आणि शेजारच्या गावानं वर्षभर टिंगल केली. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला. पोरं पळत असली की तात्यांचा आवाज मागून यायचाच, "मागं बघू नगंस!" डोळे मिटून बसले तरी नुसत्या पावलांच्या आवाजावरून कोण मान वळवतोय हे त्यांना कळायचं, असं म्हणतात. त्यांची पोरं पळाली की धूळ उडायची ती दोन घटकांनी, पोरं घरी जाऊन जेवायला बसल्यावर. आता हे खरं की कसं, ते धुळीलाच विचारा.

त्या नऊ जणांत हैबती सगळ्यात चपळ. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याकडं वाढलेला. चुलतीनं भाकरीची कोर दिली तर चुलता डोळे वटारायचा, म्हणून तात्या आपल्या तव्यावर दोन भाकरी जास्त टाकायचे. बारा वर्षं हैबती तात्यांच्या चुलीपुढं जेवला. तात्या बोलायला कमी आणि हैबती त्याहून कमी. पण दोघांना एकमेकांशिवाय घास जात नसे.

मग दिवस फिरले. तीन वर्षं पाऊस पडला न पडल्यासारखा. पोरं मोठी झालेली, गावात काम नाही. कुणी गिरणीत गेला, कुणी पलटणीत. हैबती विशीत आला आणि त्यानंही दूरच्या बंदरावर हमालीला जायचं ठरवलं. निघाला त्या सकाळी तात्या देवळाच्या पायरीवर उभे होते. खांद्यावर गाठोडं टाकून हैबती गल्लीनं चालत गेला. वेशीपाशी पोचला, थांबला आणि मान वळवून काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

आणि तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मागं बघू नगंस!"

हैबतीनं तोंड मिटलं. गुरूचा शब्द! मान सरळ केली आणि गेला तो गेलाच.

 आपण काय बोललो हे तात्यांना आत्ता कळलं. "आरं, ते खेळातलं होतं रं," असं ते पुटपुटले, पण ऐकायला गल्लीत कुणी नव्हतं. एक पारूकाकी तेवढी सूप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तात्या, पोरगं काय सांगत होतं?"

"ठावं न्हाई," तात्या म्हणाले.

तेवढा एक काटा जन्मभर रुतून बसला. पोरगं काय सांगत होतं? वर्षं गेली. बाकीची पोरंही परतली नाहीत. त्यांना शिकवलंच तसं होतं ना! नवा संघ जमायला गावात नऊ पोरं उरली नव्हती. तात्या अजूनही दोन भाकरी जास्त टाकायचे आणि सकाळी त्या देवळापुढच्या गाईला घालायचे. सांज झाली की आठ चौकोनांत आठ धोंडे मांडायचे आणि एकटेच पळायचे. प्रत्येक धोंड्याला एकेका पोराचं नाव होतं. हैबतीचा धोंडा वेशीकडचा, शेवटचा. लोक म्हणायचे, म्हातारा खुळावला. पण सकाळी गल्लीत नऊ जणांच्या पावलांचे ठसे दिसायचे आणि ते पारूकाकीनं स्वतः मोजले होते, असं म्हणतात.

एकदा काकीनं न राहवून विचारलं, "कुणासाठी चाललंय हे, तात्या?"

तात्या खांबाला टेकून बसले. म्हणाले, "वयनी, मी पोरास्नी निम्माच खेळ शिकवला. मागं वळू नका म्हनलो. पण खांबाला वळसा घालून परत येता येतंय, हे वेशीत उभं ऱ्हाऊन एकदाबी म्हनलो न्हाई." आणि ते रडले. काकीनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिनं घरातून पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

पुढं एका संध्याकाळी, तात्या फार थकले होते तेव्हा, ते कसेबसे शेवटच्या धोंड्यापाशी गेले. धोंड्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "खो!" झाडावरचे रावे उडाले, देवळातली घंटा आपोआप हलली. आणि तिकडं दूर बंदरावर पाठीवर पोतं घेतलेल्या हैबतीच्या पाठीवर, पोत्याखाली, एक थाप बसली, असं म्हणतात. त्यानं पोतं तिथंच टाकलं. मुकादम ओरडला, "कुठं निघालास?"

"खो मिळालाय," हैबती म्हणाला. त्याचेही केस तोवर पिकले होते.

चार दिवस, चार रात्री तो चालला. वेशीत पोचला तेव्हा पारूकाकी खांबापाशीच होती. त्याला पाहून तिनं पदर तोंडाला लावला. "उशीर केलास रं लेकरा. चार दिस झाले. हितंच, तुझ्या चौकोनात बसल्या बसल्या गेले. तोंड वेशीकडं होतं."

 हैबतीनं खांबाला एक वळसा घातला आणि गल्लीकडं तोंड करून उभा राहिला. मग निघायच्या दिवशी गिळलेलं वाक्य मोठ्यानं म्हणाला, "तात्या, हितं एकटं काय करताय? तुम्हीबी चला की माझ्यासंगं!"

 एवढंच होतं ते. एवढ्यासाठी म्हातारा जन्मभर झुरला होता.

हैबती परत गेला नाही. देवळामागच्या खोलीत राहिला, पोरं गोळा केली, गल्लीत पुन्हा चुना पडला. पुढं पंचायतीनं गल्ल्यांना नावं द्यायची काढली. सरपंच या गल्लीला कुठल्याशा पुढाऱ्याचं नाव द्यायला निघाला होता. पारूकाकी काठी टेकत चावडीवर गेली. "तुझा पुढारी कधी पळालाय का रं आमच्या गल्लीत? माझ्या कुरडया कधी गोळा केल्यात का त्यानं?"  पाटी लागली, 'शिदूतात्या गुरव गल्ली'. वेशीच्या खांबाशेजारी ती आजही उभी आहे.

खांब तोच आहे, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तरसवाडीतून आजही कुणी बाहेर निघालं, शिकायला म्हणा, नोकरीला म्हणा, नाहीतर पोरगी सासरी निघालेली असो, गाडी वेशीच्या अलीकडं थांबते. निघणारा खाली उतरतो, खांबाला वळसा घालतो, गल्लीकडं तोंड करतो आणि मोठ्यानं विचारतो, "तात्या, येताय का?"

मग सगळे क्षणभर गप्प उभे राहतात, उत्तराची वाट बघत. उत्तर कधी आलेलं नाही. पण विचारल्याशिवाय तरसवाडीचं कुणी वेस ओलांडत नाही.