भिवराच्या नावाची दवंडी

आवडीला पहिल्यांदा खटकलं, तेव्हा ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन पाऊलवाट चढत होती. वर कड्यावर हलगी कडाडली. आवडी दचकली. ती कशानंही दचकायची. भारा कलंडला, आणि तो सावरता सावरता तिनं दवंडी ऐकली.

"ऐका हो ऐकाऽऽ! भैरूच्या घरच्या औषधानं करंजघळची चाळीस गुरं वाचलीऽऽ! भैरूला गावातर्फे मानाचं पागोटं होऽऽ!"

आवडी तिथंच उभी राहिली. औषध तिला माहीत होतं. तिच्या काकीनं, भिवरानं, दहा दिवस रानातून झाडांच्या साली आणल्या होत्या, कुटल्या होत्या, काढे उकळले होते. बांबूच्या नळकांड्यानं एकेका जनावराच्या घशात ते औषध ओतलं होतं. एका बैलानं शिंग मारलं, तर हाताला फडकं बांधून पुढच्या गोठ्यात गेली होती. भैरूकाका त्या दहा दिवसांत गोठ्याकडे फिरकलेही नव्हते. काढ्याच्या वासानं त्यांना मळमळायचं.

घरी येऊन आवडी म्हणाली, "काकी, औषध तुझं, आणि दवंडी काकांची?"

भिवरा हसली. "अगं, बायकांची नावं दवंडीत येतात होय? उद्या म्हणशील, चुलीचंही नाव घ्या."

आवडीही हसली. पण भातात दाताखाली खडा आल्यासारखं तिला दिवसभर होत राहिलं.

हे करंजघळ म्हणजे सात डोंगरांच्या, सात गावांच्या एका राज्यातलं गाव. वाड्या विखुरलेल्या, एक या उतारावर तर दुसरी त्या घळीत. म्हणून दवंडी गल्लीतून फिरत नसे, कड्यावरून दिली जाई. ज्याला काही सांगायचं असेल तो आपल्या डोंगरावरून उलट ओ देई. राज्यात काय घडलं ते लोकांना दवंडीतूनच कळायचं. दवंडीत आलं ते घडलं. दवंडीत नाही आलं ते घडून न घडल्यासारखंच.

एकदा राणी राजाला म्हणाली, "महाराज, आपल्या राज्यात बायका राहतात ना?"

राजाला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. पण रात्रभर ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्यानं महिनाभराच्या सगळ्या दवंड्या लिहून मागवल्या आणि स्वतः वाचल्या. कुणाला मुलगी झाली होती. कुणाची लेक दिली होती. कुणाची बायको वारली होती. त्यापलीकडे बाई नव्हती, आणि नाव तर एकीचंही नव्हतं. पिकं कापली ती पुरुषांनी, बांध घातले ते पुरुषांनी, आगी विझवल्या त्याही पुरुषांनी.

राजा खजील झाला. तो शहाणा असल्यामुळे त्यानं दवंडीवाल्यांना शिक्षा केली नाही, शाळा काढली. हुकूम असा: सातही गावांतून एक मुलगा आणि एक मुलगी करंजघळला पाठवावी. तिथल्या सटवाजी दवंडीवाल्यानं त्यांना तीन महिने शिकवावं. मग स्पर्धा. प्रत्येकानं आपल्या गावात घडलेल्या गोष्टीची दवंडी स्वतः रचायची. त्यात काय घडलं, कुठं घडलं आणि कुणी घडवलं, हे तिन्ही आलं पाहिजे. जिंकेल त्याला राजाच्या हातून हलगी आणि दवंडीचा मान.

करंजघळच्या बायकांत कुजबुज झाली. पोरीच्या जातीनं कड्यावर चढून ओरडायचं? कुणी पुढे येईना. तेव्हा भिवरा म्हणाली, "आमची आवडी जाईल."

आवडीच्या हातातली परात खाली पडली. "काकी, मी? मला मांजर आडवं गेलं तरी घाम फुटतो!"

"मग घाम पुसायचा आणि बोलायचं," भिवरा म्हणाली.

आवडीला आईबाप नव्हते. काकीनंच तिला वाढवलं होतं. काकीचा शब्द मोडणं तिला जमायचं नाही. ती गेली.

पहिल्या दिवशी तिनं कड्यावरून हाक मारली. समोरच्या डोंगरावरून तीच हाक परत आली, आणि आवडी दचकून मागे सरली.

"अगं, तुझीच हाक आहे ती!" मुलं पोट धरून हसली. "स्वतःला घाबरलेली पहिलीच बघतोय!"

सटवाजी हसला नाही. चाळीस वर्षं त्या कड्यावर त्याचा घसा झिजला होता. त्यानं तिला वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला शिकवलं. ओठांशी तळहात धरायला शिकवला. शब्द तोडायचा कुठं, ताणायचा कुठं, हे शिकवलं. आवडीचा आवाज बारीक होता. पण सटवाजी म्हणाला, "पोरी, जाड आवाज जवळ ऐकू येतो. बारीक आवाज लांब जातो. तुझा उपयोग आहे."

एक दिवस आवडीनं धीर करून विचारलं, "बाबा, काकीच्या औषधाची दवंडी तुम्ही काकांच्या नावानं का दिलीत?"

सटवाजीनं हलगीच्या कातड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला सांगायला आले ते पुरुष. त्यांनी सांगितलं, मी ओरडलो. कुणी केलं, असं मी एकदाही विचारलं नाही. चूक माझी."

इतक्या थोर माणसानं आपल्यापुढे चूक कबूल केली, याचीच आवडीला भीती वाटली. पण त्या दिवसापासून तिचा आवाज थोडा मोठा झाला.

तिनं दवंडी रचली ती भिवराच्या औषधाची. काकीला ऐकवली, तर काकी गोरीमोरी झाली. "माझं नाव? कड्यावरून? तुझे काका काय म्हणतील!" पण त्या संध्याकाळी तिच्या हातून भाकरी करपली. भिवराच्या हातची भाकरी त्याआधी कधी करपली नव्हती.

स्पर्धेला तीन दिवस होते. खालच्या वाडीत एक गाय आजारी पडली, म्हणून भिवरा साली आणायला दक्षिणेच्या रानात गेली. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव हादरलं. पुरुष कुत्री घेऊन रानात शिरले. सटवाजीनं फाटक्या घशानं दवंडी दिली, "भैरूची बायको हरवली होऽऽ!"

आता त्या मुलखाचा देव भैरोबा, त्यामुळे घरटी एक भैरू. तीन वाड्यांवरून लगोलग उत्तरं आली.

"आमच्या भैरूची बायको घरीच आहे होऽऽ!"

"आमची दळतेय होऽऽ!"

"आमची माहेरी गेलीय! सांगून गेलीय होऽऽ!"

एरवी सगळे हसले असते. सटवाजीनं पुन्हा हाक दिली, "करंजघळच्या भैरूची होऽऽ!" त्यावर मात्र कुठूनच ओ आली नाही.

आवडी हळूच म्हणाली, "बाबा, काकीचं नाव घ्या ना."

भैरूकाका जवळच होते. ते उसळले. "नाव नाही! घरची बाई आहे ती. तिचं नाव रानोमाळ ओरडायचं नाही."

सटवाजीनं हलगी खाली ठेवली. आवडीही निमूट मागे सरली. काका ओरडले की तिला पुढे बोलणं जमायचं नाही. त्या दिवशीही जमलं नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. राजाचा कारभारी आला. सातही गावचे लोक कड्याखाली जमले. कारभारी म्हणाला, "आज कसली स्पर्धा! शिकलेले चौदा गळे इथं आहेत. सगळ्यांनी मिळून या माउलीला शोधू. आज तीच परीक्षा."

एकेक जण कड्यावर चढला. मुलांचे आवाज दणदणीत होते. "करंजघळच्या मानाच्या पागोटेवाल्या भैरूजींची मंडळी हरवली होऽऽ!" एकानं तर भैरूजींच्या वडिलांचं आणि आजोबांचंही नाव घेतलं. मुलींनीही तशाच हाका दिल्या. भैरूकाका समोरच बसले होते, त्यांच्यापुढे वेगळं काही बोलायची कुणाची हिंमत नव्हती. दक्षिणेचं रान गप्प राहिलं. त्यामागची डोंगराची सोंड गप्प राहिली.

शेवटी आवडी उरली.

ती चढली. खाली पाहिलं तर सगळी तोंडं वर झालेली. तिला वाटलं, सगळ्यांसारखी हाक मारावी आणि खाली उतरावं. कुणी नावं ठेवणार नाही. मग तिच्या मनात आलं की रानात जी कुणी पडली आहे ती पागोटं नाही आणि मंडळीही नाही. ती काकी आहे. ती कुणाला सापडली असेल, तर त्यांना तिनं काय सांगितलं असेल? नवऱ्याचं नाव तर ती जन्मात घेणार नाही. बायका घेतच नाहीत.

आवडीनं पदरानं घाम पुसला.

"ऐका हो ऐकाऽऽ! भिवरा हरवलीय होऽऽ! करंजघळची भिवराऽऽ! चाळीस गुरं वाचवणारी भिवराऽऽ! उजव्या हातावर शिंग लागल्याचा व्रण आहे होऽऽ!"

कड्याखाली कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. आवडीनं वाट पाहिली. उत्तर आलं नाही.

भैरूकाका ताडकन उठले. "आवडे! खाली उतर!"

आवडी उतरली नाही. "काका," ती म्हणाली, "आणखी एक हाक मारू द्या. मग हवं तर मला घरात घेऊ नका."

तीन दिवस भैरूकाकाही झोपले नव्हते. त्यांनी डोक्यावरचं मानाचं पागोटं काढलं, हातात धरलं, त्याच्याकडे पाहत राहिले. मग मान वर न करता म्हणाले,

"उजव्या नाही, पोरी. डाव्या हातावर. डाव्या हातावर आहे व्रण."

सटवाजीनं डोळे पुसले आणि हलगीवर टिपरी मारली. या वेळी आवडी दचकली नाही. तिनं वाऱ्याकडे पाठ केली, ओठांशी तळहात धरला आणि पोटातून आवाज काढला.

"भिवराऽऽ! भिवरा हरवलीय होऽऽ! डाव्या हातावर व्रण! गुरांना औषध देणारी आमची भिवराऽऽ!"

खालून एक म्हातारी उठली आणि तिनंही हाक दिली, "भिवराऽऽ!" मग दुसरी उठली. मग स्पर्धेतल्या मुली, मग मुलं. सात गावांच्या तोंडी एका बाईचं नाव होतं. ते दरीत उतरलं, रानावरून गेलं आणि डोंगराच्या सोंडेला जाऊन लागलं.

आवडीनं हात वर केला. सगळे थांबले. तिनं कान दिला.

दूर सोंडेपलीकडून, जिथं धनगर मेंढरं घेऊन उतरतात तिथून, एक आवाज आला. पुरता फाटलेला, पण शब्द न् शब्द कळणारा.

"ओऽऽ! भिवरा आमच्या तळावर आहे होऽऽ! पाय मोडलाय, तापात आहे, पण जित्ती आहेऽऽ! दोन दिवस झाले, 'मी भिवरा, मी भिवरा' एवढंच सांगतेय होऽऽ!"

तात्पर्य: जे घडलं त्याबरोबर ते कुणी घडवलं हेही सांगावं, मग ती बाई असो वा पुरुष. निम्म्या माणसांची नावं गाळून दिलेली बातमी कितीही मोठ्यानं ओरडली तरी खरी होत नाही आणि गरजेच्या वेळी कामाला येत नाही.